वेशरचनेची विद्या आणि सनगराचा माग

कोणतीही विद्या कोठे शिकवावी, हा प्रश्न वरवर पाहता केवळ सोयीचा वाटतो. परंतु त्याच्या पोटात दुसरा एक प्रश्न दडलेला असतो. तो असा की, ही विद्या मुळात कोणापाशी आहे असे आपण समजतो? वैद्यक रुग्णशय्येजवळ शिकवितात, कारण रोगाचे खरे स्वरूप तेथेच दिसते. गाणे गवयासमोर बसून शिकतात, कारण ते त्याच्या गळ्यात असते. वस्त्राची विद्या मात्र आपल्याकडे गेली तीस-चाळीस वर्षे शहरांतील इमारतींत कागद, कात्री आणि आता संगणक ह्यांच्या साहाय्याने शिकविली जात आहे. दिल्लीस १९८६ साली राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्था निघाली, १९९५ साली मुंबईस तिची शाखा झाली, आणि त्यानंतर ह्या विषयाचे वर्ग लहानमोठ्या शहरांतून सर्वत्र पसरले. लोक ह्या विषयास फॅशन डिझाइन म्हणतात. आम्ही ह्या लेखापुरते त्यास वेशरचना म्हणू.

ह्या शिक्षणात अलीकडे एक स्तुत्य प्रघात पडला आहे. विद्यार्थ्यांनी काही दिवस परंपरागत विणकरांच्या गावी जाऊन राहावे, त्यांची कला पाहून तिची नोंद करावी, आणि त्यांच्या मदतीने नवी वस्त्रे तयार करावी, असा हा क्रम आहे. वर सांगितलेल्या राष्ट्रीय संस्थेने तो आपल्या अभ्यासक्रमाचाच भाग केला असून इतर संस्थाही त्याच वाटेने जाऊ लागल्या आहेत. ह्या क्रमास ‘सहकार्य’ असे नाव दिले जाते. त्याचे कौतुक पुष्कळ होते, आणि कौतुक करण्यासारखे त्यात काही आहेही. ज्या मुलांनी आजवर दुकानातल्या गुंडाळीपलीकडे कापड पाहिले नव्हते, त्यांना ते मागावर जन्मास येताना पाहावयास मिळते, हा लाभ थोडा नव्हे. तथापि कौतुक आणि परीक्षण ह्या दोन भिन्न गोष्टी होत. वाङ्मयास वाहिलेल्या मासिकात हा विषय कसा, असे कोणी विचारील, तर सूत्र, ग्रंथ, प्रबंध हे आमचे रोजचे शब्द दोरा ओवणे व गुंफणे ह्या क्रियांशी नाते सांगणारे आहेत, आणि वेदकालीन कवींनीही आपल्या सूक्तरचनेस विणण्याची उपमा दिली आहे, एवढे उत्तर पुरे.

ह्या परीक्षणास एक ताजे निमित्तही घडले आहे. जून २०२५ मध्ये इटलीतील मिलान शहरी प्राडा ह्या प्रख्यात घराण्याच्या वेशप्रदर्शनात पुरुषांच्या पायांत कोल्हापुरी वहाणांसारख्या वहाणा दिसल्या. त्यांच्या मुळाचा उल्लेख मात्र कोठेच नव्हता. कोल्हापुरी वहाणेस २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे, आणि त्या मानांकनाच्या क्षेत्रात कोल्हापूर व सोलापूर ह्यांच्याबरोबर सातारा व सांगली हे जिल्हे, आणि कर्नाटकातील चार जिल्हे येतात. आपल्याकडे ओरड झाली. त्या घराण्याने वहाणांचे मूळ मान्य केले. आणि डिसेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र व कर्नाटक येथील चर्मोद्योग महामंडळांशी करार करून दोन हजार जोड येथल्या कारागिरांकडून करवून घेण्याचे ठरविले. ह्या प्रकरणात परक्यांस दोष देणे सोपे आहे, आणि तो दिलाही गेला. आम्हांस मात्र त्या वेळी वारंवार असे वाटत राहिले की, मिलानच्या रचनाकारास आपण जो प्रश्न विचारला, तोच आपल्या महाविद्यालयांतील रचनाकारास विचारण्याचे धैर्य आपणांस आहे काय? विणकराच्या घरी पंधरा दिवस राहून परत आलेला आपला विद्यार्थी तेथून काय घेऊन येतो, आणि तेथे काय ठेवून येतो?

प्रथम ‘सहकार्य’ ह्या शब्दाचाच विचार करू. अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेस राहत असत. त्यांच्याकडे कोणी तरुण पंधरा दिवस येऊन बसला असता, आणि परत गेल्यावर ‘मी खाँसाहेबांशी सहकार्य केले’ असे म्हणाला असता, तर त्यास लोक हसले असते. तो फार तर म्हणता, ‘मला त्यांची थोडी तालीम मिळाली.’ विणकराच्या बाबतीत मात्र आपणांस हसू येत नाही. ह्याचे कारण उघड आहे. गवयास आपण गुरु मानावयास शिकलो आहो. विणकरास आपण फार तर कुशल हात मानतो. हाताशी सहकार्य करता येते, कारण डोके आपले असते अशी आपली समजूत असते.

खरे सहकार्य कसे असते, ह्याचे उदाहरण त्याच मिरजेत आहे. तेथील शिकलगार मूळचे शस्त्रांस धार लावणारे. शस्त्रांचे दिवस सरले तेव्हा त्यांनी भोपळा व लाकूड हाती घेतले, आणि पिढ्यान्‌पिढ्या गवय्यांच्या कानाखाली आपली तंतुवाद्ये तपासून घेत घेत मिरजेचा तंबोरा घडविला. मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. ह्या व्यवहारात गवयाने तंबोऱ्याचे चित्र काढून कारागिराच्या हाती दिले नाही. त्याने आपला कान दिला. कारागिराने आपल्या हाताबरोबर आपली बुद्धीही दिली. दोघांनी एकमेकांस वर्षानुवर्षे शिकविले. पंधरा दिवसांच्या मुक्कामास हे नाव द्यावयाचे तर शब्द फार स्वस्त होतो.

हा गोंधळ आजचा नाही. आपल्या देशात हस्तव्यवसाय आणि शिक्षण ह्यांची सांगड घालण्याचे तीन मोठे प्रयत्न विसाव्या शतकाच्या मध्यास झाले, आणि तिन्हींचे धडे आज विसरले गेले आहेत. पहिला वर्ध्याचा. १९३७ साली तेथे भरलेल्या परिषदेत गांधीजींनी असे मांडले की, मुलांचे सारे शिक्षण एखाद्या मूलोद्योगाच्या द्वारे व्हावे. टकळीवर सूत काढताना गणित, भूगोल व इतिहास हे विषय त्यातूनच निघावे. ह्या योजनेतील दोष पुष्कळांनी दाखविले, परंतु तिच्या मुळाशी असलेला विचार पक्का होता. तो असा की, उद्योग हे शिक्षणाचे तोंडीलावणे नसून ते त्याचे माध्यम आहे. दुसरा प्रयत्न १९५६ पासून निघालेल्या विणकर सेवा केंद्रांचा. तेथे चांगले चांगले चित्रकार नेमले गेले. आपले प्रभाकर बरवे १९६१ ते १९६५ ही वर्षे वाराणसीच्या केंद्रात होते, आणि पुढे मुंबईच्या. ह्या केंद्रांतून सुंदर वस्त्रे निघाली ह्यात शंका नाही. परंतु चित्रकाराने कागदावर नमुना काढावा आणि विणकराने तो मागावर उतरवावा, ही वाटणीही त्यांतून रूढ झाली, व तीच पुढे शाळांनी उचलली. तिसरा प्रयत्न चार्ल्स व रे ईम्स ह्या अमेरिकन दांपत्याने १९५८ साली भारत सरकारास सादर केलेल्या अहवालाचा. त्यातूनच पुढे १९६१ साली अहमदाबादची राष्ट्रीय रचना संस्था उभी राहिली. ह्या दांपत्याने साऱ्या भारतातून उत्तम रचनेचा नमुना म्हणून निवडला तो आपला घरगुती लोटा. तो कोणा एकाने रेखाटलेला नसून अनेक पिढ्यांनी घडविलेला आहे, हे त्यांनी आवर्जून सांगितले. ज्या संस्थांचे मूळ लोट्याच्या स्तुतीत आहे, त्यांतून बाहेर पडणाऱ्या रचनाकारास आपल्या नावाची चिठ्ठी वस्त्राच्या मानेशी शिवण्याची एवढी घाई का असावी, हे समजत नाही.

आता साताऱ्या-सांगलीकडे वळू. ह्या दोन जिल्ह्यांचा पश्चिम भाग सह्याद्रीच्या कुशीत भिजलेला, तर पूर्वभाग कोरडा. माण, खटाव, आटपाडी, कवठे महांकाळ आणि जत ह्या तालुक्यांत पाऊस रुसलेलाच असतो. तेथे जमीन जे देत नाही ते मेंढी देते. धनगराने मेंढरे राखावी, त्यांची लोकर कातरावी, बायकांनी ती कातावी, आणि सनगराने खड्ड्याच्या मागावर तिची घोंगडी विणावी, अशी ही जुनी साखळी आहे. विट्यासारख्या गावी आज यंत्रमागांचा खडखडाट ऐकू येतो. शेजारच्या इचलकरंजीत तर पहिला यंत्रमाग १९०४ सालीच आला. परंतु यंत्रमागाने धोतर व लुगडे घेतले, घोंगडी घेतली नाही. दख्खनी मेंढीची आखूड, राठ, हातकताईची लोकर यंत्राच्या वेगास टिकत नाही. म्हणून सनगराचा माग मागे राहिला; कोणी त्याचे रक्षण केले म्हणून नव्हे.

घोंगडी कशी होते हे वाचकांपैकी थोड्यांसच ठाऊक असेल. मेंढ्या वर्षातून सामान्यतः दोनदा कातरतात. कोकराच्या पहिल्या कातरणीची लोकर, जिला जावळ म्हणतात, ती सर्वांत मऊ व सर्वांत मोलाची. काळी, करडी, पांढरी अशी लोकर वेगळी काढून पिंजतात व कातितात. रंग द्यावा लागत नाही. मेंढीने जो दिला तोच रंग. मग ताणा लांब ताणून त्यास चिंचोक्याची शिजविलेली खळ कुंच्याने पाजतात. त्यावाचून लोकरीचे सूत मागावर एकमेकांस चिकटते व तुटते. नंतर विणकर खड्ड्यात पाय सोडून बसतो, आणि साध्या एकास एक विणीने ती घोंगडी उतरते. काळ्या अंगावर पांढऱ्या रेघांचा काठ, एवढाच तिचा शृंगार. ती पावसात खोळ होते, थंडीत पांघरूण होते, माळावर अंथरूण होते, आणि पाहुणा आला म्हणजे बैठक होते. तिला कात्री लागत नाही, सुई लागत नाही, गुंडी लागत नाही.

येथे आमच्या प्रतिपादनाचा मुख्य मुद्दा येतो. वेशरचनेचा विद्यार्थी बहुधा पैठणी, बनारसी किंवा कच्छी भरतकाम ह्यांच्याकडे धावतो. पैठणीच्या पदरावर मोर आहे, कमळ आहे. ते डोळ्यांस चटकन दिसते, कागदावर चटकन उतरते, आणि तेथून उशीच्या अभ्ऱ्यावर व पिशवीवर चटकन छापता येते. वाङ्मयाच्या भाषेत बोलावयाचे तर ही अलंकारांची उचल होय. परभाषेतील काव्याचा अनुवाद करणारा एखादा हौशी कवी मूळ काव्यातील उपमा तेवढ्या वेचून आणतो, आणि ज्या वाक्यरचनेवर त्या उपमा तोललेल्या असतात ती तेथेच सोडून येतो. तसाच हा प्रकार. वस्त्राचे व्याकरण त्याच्या नक्षीत नसते, विणीत असते. सुताचा पीळ, ताण्याची दाटी, फणीची घरे, खळीचे मान, काठाशी धोटा वळताना हाताने घेतलेला ताण, ह्या गोष्टी ज्यास कळल्या नाहीत त्याने मोर कितीही सुबक काढला तरी त्यास वस्त्र कळले असे म्हणता येणार नाही.

आणि म्हणूनच घोंगडी हे वेशरचनेचे पहिले पाठ्यपुस्तक व्हावे असे आम्हांस वाटते. तिच्यात उचलण्यासारखे काही नाही. मोर नाही, कोयरी नाही, रंगांची उधळण नाही. जो विद्यार्थी सनगराच्या घरी नमुने टिपावयास जाईल, त्याची वही पहिल्या दिवशीच संपेल. दुसऱ्या दिवसापासून त्याला एक तर परत यावे लागेल, नाहीतर शिकावे लागेल. रंग निवडावयाचा तर तो कळपातून निवडावा लागेल. पोत बदलावयाचा तर तो काततानाच बदलावा लागेल. आणि वस्त्रास आकार द्यावयाचा तर कात्री बाजूस ठेवून विचार करावा लागेल. आपल्या शाळांतील वेशरचना कागदी बेतणीपासून सुरू होते, म्हणजे अंगाच्या मापाने कापड कापण्यापासून. आपली लुगडी, धोतरे, उपरणी व घोंगडी ही सारी वस्त्रे मागावरच पुरी होतात. त्यांचा आकार घडीत व नेसणीत असतो. नऊवारी नेसणारी बाई दररोज सकाळी जी रचना करते, तीत कापडाचा एक चिंधा वाया जात नाही. जी विद्या साऱ्या जगात आज कापडाच्या नासाडीबद्दल बोलत आहे, तिला हा धडा आपल्याच आजीच्या कपाटात सापडावा, ह्यात तिचे मोठेपण कमी होत नाही.

घोंगडीचे आणखी एक शिकविणे आहे, आणि ते अधिक अवघड आहे. पैठणी विणणाऱ्यास रेशीम कोठून येते हे विद्यार्थ्याने विचारले नाही तरी चालून जाते. घोंगडीचे तसे नाही. तिचा धागा धरून मागे गेले की कळप येतो, कळपामागे चराऊ रान येते, रानामागे पाऊस येतो. गेल्या काही दशकांत घोंगडीची मागणी घटली, तशी लोकरीची किंमत गेली. आज पुष्कळ ठिकाणी धनगरास कातरणीची मजुरी पदरची द्यावी लागते, आणि कातरलेली लोकर टाकून द्यावी लागते. मग त्याने मटणासाठी मेंढरे वाढविली तर नवल काय? जत तालुक्यातील माडग्याळ मेंढीस जो भाव येतो, तो अंगाच्या वजनाचा येतो, लोकरीचा येत नाही. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालातील गरोळे जातीच्या मेंढीचा गुण दख्खनी मेंढीत आणून जुळी कोकरे देणारी जात तयार केली. ते काम मोलाचेच आहे, पण तेही मांसासाठीच आहे. माणमध्ये दहिवडीस आणि कवठे महांकाळ तालुक्यात रांजणीस सरकारी महामंडळाची मेंढीपालन क्षेत्रे आहेत. विद्यार्थ्याने घोंगडीपासून सुरुवात केली तर त्यास ह्या साऱ्या ठिकाणी जावे लागेल, आणि वस्त्र ही केवळ अंगावर दिसणारी वस्तू नसून ती एका प्रदेशाचा हिशेब आहे, हे त्यास पायी चालून कळेल.

येथे कोणी असा आक्षेप घेईल की, ही सारी भावनेची भाषा झाली. घोंगडी अंगास टोचते. तिला वास येतो. पानिपतच्या कारखान्यातील रग तिच्या निम्म्याहून कमी किमतीत मिळतो. १९८५ च्या कायद्याने कांबळी हातमागासाठी राखून ठेवली तरी त्या राखणीने तिला गिऱ्हाईक मिळाले नाही. मग ज्या वस्तूस लोकांनीच सोडले तिच्यावर पोरांची वर्षे का खर्चावी? हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाही. घोंगडी अंगास टोचते हे खरेच आहे, आणि तिला मऊ म्हणून विकणारा मनुष्य लबाड होय. परंतु राठपणा हा दोष की गुण, हे उपयोगावर ठरते. बैठकीस, गालिच्यास, भिंतीच्या आच्छादनास, थैलीस तो गुणच आहे. ज्यास सामग्री खरोखर कळली आहे असा विद्यार्थी परदेशी मऊ लोकर आणून तिला ‘घोंगडी’ हे नाव देणार नाही. ह्या लोकरीने कोणते काम करावे हे तो तिलाच विचारील. आणि ते काम वस्त्राचे नाही असे उत्तर आले, तर तेही तो प्रामाणिकपणे लिहील. असे उत्तर लिहिणाऱ्यास पहिल्या वर्गात उत्तीर्ण करण्याइतके मोठे मन आपल्या परीक्षकांपाशी असले पाहिजे.

दुसरा आक्षेप विणकराच्या बाजूचा आहे, आणि तो आम्हांस अधिक लागतो. सनगराच्या मुलाने खड्ड्यात पाय सोडून बसावे, आणि शहरातील मुलामुलींनी त्याच्याकडे येऊन कला पाहावी, ही व्यवस्था कोणाच्या सुखाची? आपल्या सुशिक्षित घरांतून लोकरीच्या धाबळीस सोवळ्यात मान होता. लोकरीस विटाळ नाही असे आपल्या आज्या सांगत. पण ज्याच्या हातून असे लोकरीचे वस्त्र निघे, तो विणकर मात्र पैशासाठी आला तर ओटीवरच उभा राही. वस्त्र देवघरात आणि विणणारा ओटीवर, ही त्या काळची सहकार्याची पद्धत होय. आजची पद्धत तिच्याहून किती निराळी आहे? विद्यार्थ्याची वस्त्रे प्रकाशाच्या झोतात व्यासपीठावर चालतात. विणकराचे नाव छापील पत्रिकेच्या शेवटच्या पानावर, आभारांत असते, आणि कधी कधी तेथेही ‘स्थानिक कारागीर’ एवढेच असते. पंधरा दिवस त्याने आपला माग थांबवून विद्यार्थ्यांचे नमुने विणले, त्या दिवसांची मजुरी कोणत्या खात्यातून निघते, हे महाविद्यालयाच्या हिशेबात शोधून पाहावे.

म्हणून केवळ विद्यार्थ्यास विणकराकडे पाठविणे पुरे नाही. विणकरासही विद्यालयाचा दरवाजा तितकाच मोकळा पाहिजे. ह्या दिशेने काही पावले पडली आहेत, आणि ती आपल्या वाचकांस ठाऊक असावी. कच्छात ज्युडी फ्रेटर ह्या विदुषीने २००५ साली कला रक्षा विद्यालय, आणि २०१४ साली सोमय्या कला विद्या ही संस्था सुरू केली. तेथे रचनाशास्त्र शिकावयास येतात ते स्वतः विणकर, छपाईवाले व बांधणीवाले. अभ्यासक्रम दोन-दोन आठवड्यांच्या तुकड्यांत पाडला आहे, म्हणजे मधल्या काळात घरचा माग बंद पडत नाही. पुढे तेथील भुजोडीचे विणकर आमच्या सांगलीपासून फार दूर नसलेल्या बागलकोट जिल्ह्यात गेले, आणि इलकल विणणाऱ्यांस त्यांनी आपला अनुभव शिकविला. विणकर विणकरास शिकवितो, ह्याहून शोभादायक दृश्य कोणते? नर्मदातीरी महेश्वरास, जेथील साडीचे नाते अहिल्याबाई होळकरांशी सांगितले जाते, तेथेही तरुण विणकरांस रचना व व्यापार शिकविणारी हातमागाची शाळा चालू झाली आहे. राष्ट्रीय फॅशन संस्थेनेही कारागीर व त्यांची मुले ह्यांच्यासाठी प्रवेशाचे वेगळे दार ठेवले आहे. दार आहे, परंतु माणच्या माळावरून त्या दारापर्यंत रस्ता कोणी बांधावयाचा?

हा प्रश्न साताऱ्यास परका नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळ काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापिली, आणि १९२४ साली ती साताऱ्यास आणली. ‘कमवा आणि शिका’ हे त्यांचे सूत्र होते. श्रम करणाऱ्या हातास शाळेत जागा आहे, आणि शाळेत शिकणाऱ्या हातास श्रमाची लाज नाही, हे ह्या जिल्ह्याने शंभर वर्षांपूर्वी करून दाखविले. ज्या भूमीत हे घडले तेथे वेशरचनेच्या शिक्षणाने पुन्हा ओटीची पद्धत आणावी, हे शोभत नाही. त्याच औंध संस्थानच्या मुलखातील व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त एक तरुण शिक्षक धनगरांच्या वस्तीवर शाळा चालवावयास जातो. मुले मेंढरांमागे रानात असतात आणि शाळा रिकामी असते. त्या वस्तीचे जगणे समजून घेतल्यावाचून तिला शिकविता येत नाही, हे त्यास हळूहळू कळते. आमच्या वेशरचनेच्या अध्यापकांनी ही कादंबरी अभ्यासक्रमास लावावी, अशी आमची मनापासून सूचना आहे. तीत कापडाविषयी फारसे काही नाही, परंतु शिक्षकाने वस्तीत कसे शिरावे हे तीत पुष्कळ आहे.

मग करावे काय? आमची अपेक्षा मोठी नाही, पण स्पष्ट आहे. विद्यार्थ्याने पंधरा दिवस नव्हे, एका कातरणीपासून ती लोकर मागावरून उतरेपर्यंतचा काळ तेथे काढावा, आणि एक घोंगडी, कितीही वाकडी का होईना, स्वतः विणावी. त्यास शिकविणाऱ्या विणकरास महाविद्यालयाने अध्यापक म्हणून नेमावे, आणि त्याच्या तासाचे मोल आमच्यासारख्यांच्या तासाइतके धरावे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने स्थानिक कारागिरांस शिक्षक म्हणून बोलाविण्याचा पुरस्कार केलाच आहे. तेव्हा नियमाची आडकाठी सांगण्यास आता फारशी जागा नाही. ज्या वस्त्रात विणकराची बुद्धी आहे त्यावर त्याचे नाव असावे, आणि ते विकले गेले तर त्यात त्याचा वाटा असावा. आणि शेवटची गोष्ट, जी सर्वांत कमी खर्चाची व सर्वांत अवघड आहे: परीक्षेच्या दिवशी परीक्षकांच्या रांगेत सनगरास खुर्ची असावी, आणि विद्यार्थ्यास अनुत्तीर्ण करण्याचा अधिकारही त्यास असावा. ज्यास नापास करण्याचा अधिकार नाही त्यास कोणताही विद्यार्थी गुरु मानीत नाही, हे आम्ही अध्यापक चांगले जाणतो.

एवढे करूनही सनगराचा मुलगा उद्या माग सोडून बँकेत नोकरीस गेला, तर आम्ही त्यास नावे ठेवणार नाही. त्याच्या बापाची विद्या त्याच्यावर लादण्याचा अधिकार कोणास नाही. परंतु त्याने माग सोडला तो विद्या हलकी म्हणून सोडला, की तिला कोणी मोल दिले नाही म्हणून सोडला, ह्या दोहोंत मोठे अंतर आहे; आणि त्या अंतरास जबाबदार तो नसून आपण, म्हणजे ज्यांच्या हाती शाळा, परीक्षा व पदव्या आहेत ते लोक आहोत.

एखादे काम वर्षानुवर्षे लोंबकळत ठेवले म्हणजे मराठीत आपण ‘भिजत घोंगडे’ म्हणतो. ही म्हण ज्याने काढली त्याने घोंगडी वापरली असली पाहिजे. ती भिजली म्हणजे जड होते, आणि जितकी भिजत राहील तितकी उचलावयास अधिक माणसे लागतात. विणकर आणि विद्यालय ह्यांच्या नात्याचा प्रश्न वर्ध्याच्या परिषदेपासून असाच भिजत पडला आहे. आज माणमध्ये व आटपाडीत ताण्यास खळ पाजण्याचे मान हातास ठाऊक असलेली माणसे वृद्ध होत चालली आहेत. ती आहेत तोवर त्यांच्यापुढे बसून शिकणारे विद्यार्थी आपण पाठविले, तर हे घोंगडे अजूनही उचलता येईल. ती गेल्यावर आपल्या महाविद्यालयांतून घोंगडीवर उत्तम प्रबंध लिहिले जातील ह्यात आम्हांस शंका नाही. घोंगडी मात्र कोणास विणता येणार नाही.